पाठकोरी सुट्टी

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि "170" म्हणाले. मी म्हटलं, "170 जीएसएम म्हणजे आर्ट पेपरच घ्यावा लागेल. जरा महाग पडेल." डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. हिने ज्या तऱ्हेने मान हलवली तीवरून त्यांना रोगाचं निदान झालं असावं, कारण गोळ्या तर त्यांनी लिहून दिल्याच, शिवाय चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ लिहिली: 'आठ दिवस बाहेरगावी. काहीही करू नये.' त्यातल्या 'काहीही'खाली दोन रेघा ओढल्या. मी चिठ्ठी हातात घेतली आणि आधी उलटी करून पाहिली. मागची बाजू कोरी होती. मग जपून खिशात ठेवली.

हे उलटं करून पाहण्याचं जरा सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला. माझा छापखाना आहे. पुण्यात, नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. वडिलांनी तो पायाने हाणायच्या ट्रेडल मशीनवर, एकेक खिळा जुळवून सुरू केला आणि माझ्या हाती दिला तेव्हा दोन गोष्टी वारसा म्हणून दिल्या. एक ते ट्रेडल, जे आता कोपऱ्यात छत्र्या अडकवायच्या कामी येतं. दुसरी, एका बाजूला छापलेला कागद टाकायचा नाही ही शिकवण. त्यामुळे आमच्या घरी वाण्याची यादी लग्नपत्रिकेच्या पाठीवर होते, दुधाचा हिशेब वाढदिवसाच्या आमंत्रणाच्या पाठीवर, आणि मुलीने शाळेत असताना गणितं सोडवली ती 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या मागच्या अंगाला. तीच गोष्ट पाकिटांची. आलेलं पाकीट फाडायचं नाही, अलगद उघडायचं, आणि तीनदा-चारदा वापरायचं. लोक याला चिकटपणा म्हणतात. मीही म्हणतो, पण दुसऱ्यांच्या बाबतीत.

आता छापखानेवाल्याने सुट्टी घ्यायची कधी? जानेवारीत हळदीकुंकवाची आमंत्रणं, मार्चपासून नव्या आर्थिक वर्षाची बिलबुकं, एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि मुंजी एकमेकांच्या अंगावर पडत असतात, जूनमध्ये शाळांची फीपावत्यांची पुस्तकं, श्रावण जवळ आला की गणपती मंडळांची वर्गणीची पावतीपुस्तकं, त्यानंतर दिवाळी अंक, मग कॅलेंडरं, डायऱ्या, की परत हळदीकुंकू. या सगळ्यात एकच फट सापडते. देवशयनी एकादशी झाली की देव झोपतात ते चार महिने, लग्नाचे मुहूर्त संपतात, आणि मंडळांचे कार्यकर्ते अजून वर्गणीचा आकडा ठरवण्यावरून भांडत असतात. त्या फटीत मी पंचांग आणि जीएसटी दोन्ही लावून पाहिलं. विक्रीचं विवरणपत्र 11 तारखेला, कराचं 20 तारखेला. म्हणजे 12 जुलै ते 19 जुलै. आठ दिवस, न एक जास्त, न एक कमी. मी स्वतःवर इतका खूश झालो की हिला हाक मारून सांगितलं, "गुहागर. समुद्र. मासे. आणि काहीही करायचं नाही."

ही म्हणाली, "जुलैत?"

मी म्हटलं, "गर्दी नसते."

गर्दी नसते ही गोष्ट पुढे अक्षरशः खरी ठरली.

जाण्याच्या आदल्या रात्री मी छापखान्यात बसून सूचना लिहायला घेतल्या. अकरा वर्षांत मी एक पूर्ण दिवस छापखाना सोडलेला नव्हता, तेव्हा चार ओळींत भागणं शक्यच नव्हतं. लिहिता लिहिता 31 कलमं झाली. पहिली काही शहाण्या माणसाची होती: पावसाळी हवेत कागद दमट होतो, रीम उघडी टाकू नये, मशीनमध्ये दोन-दोन कागद जोडीने जाऊ लागले तर आधी पंखा बंद करून पाहावा, मग मशीनला शिव्या द्याव्यात. पण रात्री साडेदहानंतर माणूस खरा बोलायला लागतो. कलम 7: 'मशीनमनकाकांना उचल देऊ नये. ते मुलीच्या लग्नाचं कारण सांगतील. मुलगी एकच आहे आणि आपल्या वहीप्रमाणे तिचं लग्न दोनदा झालेलं आहे.' कलम 12: 'चहा दिवसातून दोनदाच. तिसरा मागितल्यास दूध संपलं म्हणावं.' कलम 28: 'डबेवाले केटररसाहेब आले तर बसवावं, पाणी द्यावं, चहा देऊ नये. दोन वर्षांची बाकी आहे. गोड बोलण्याला भुलू नये.' आणि शेवटी केवळ हाताच्या सवयीने कलम 31: 'घरून हिचा फोन आला तर मी बँकेत गेलोय म्हणून सांगावं.' ही माझ्या शेजारी गुहागरलाच असणार होती हे लक्षात आलं नाही. हाताला काय कळतं!

हे सगळं अर्थातच पाठकोऱ्यावर लिहिलं. पुढच्या बाजूला मे महिन्यातल्या एका मुंजीची आमंत्रणपत्रिका होती. घातलं कशात, तर टेबलावरच्या एका जुन्या पाकिटात. हे पाकीट त्याच केटररसाहेबांच्या एका कामाचं होतं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'घाई. 1000 प्रती. ए-फोर, 70 जीएसएम मॅपलिथो, एक रंग, दोन घड्या. माल पोच करणे.' मी त्याच्या वर 'सूचना' असं स्वच्छ लिहिलं. पेन्सिलने लिहिलं, म्हणजे खोडून पाकीट पुढेही वापरता यावं.

सकाळी निघालो. सातारा रस्त्याने उंब्रज, तिथून आत पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर. पाटणपर्यंत मी पाच फोन केले. हिने सहाव्याला फोन काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. घाटात ढग असे उतरले होते की गाडीच्या नाकापुढचं दिसेना. धबधब्यांचे आवाज येत होते, धबधबे कुठे आहेत ते कळत नव्हतं, आणि पुढच्या ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलंय एवढा एकच आधार होता. त्यात 'प्लीज'ची वेलांटी चुकलेली होती. मी ती बघायला थोडा जवळ गेलो. हिने एवढंच विचारलं, "आता ट्रकाचंही प्रूफ तपासणार का?"

गुहागर म्हणजे समुद्राला समांतर गेलेला एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंनी कौलारू घरं, आणि समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या थेट वाळूपर्यंत गेलेल्या. एरवी या घरांतून 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' असते आणि मे महिन्यात पडवीतसुद्धा जागा मिळत नाही. आम्ही गेलो तेव्हा, जिथे उतरलो ते सबंध घर आमचंच होतं. घरधनी काका दारात उभे होते. त्यांनी आमच्याकडे, आमच्या बॅगांकडे आणि आकाशाकडे, याच क्रमाने पाहिलं.

"फोनवर जुलै म्हणालात तेव्हा मला वाटलं, पुढच्या मेला म्हणायचंय आणि चुकून बोललात."

मी दारातल्या फळ्याकडे पाहत होतो. 'घरगुति जेवन मीळेल.' तीन शब्द, तीन चुका. बॅग खाली ठेवायच्या आधी माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला होता.

संध्याकाळी मी समुद्र बघायला निघालो. सुरूच्या बनातून वाळूवर पोचलो तोवर छत्री उलटी झाली आणि समोर जो समुद्र होता तो कॅलेंडरवर छापतो तसला निळा नव्हता. चहात दूध कमी पडल्यावर दिसतो तो रंग, आणि लाटा अशा अंगावर येत होत्या की जणू मागची बाकी मागायला आल्यात. पाण्यात उतरायचा प्रश्नच नव्हता. म्हटलं, जाऊ दे, मासे तर आहेत. जेवायला बसताना हात चोळत विचारलं, "काय आहे आज? सुरमई? पापलेट?"

काकांनी शांतपणे अळूचं फदफदं वाढलं. "मासेमारी बंद आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्या पाण्यात जात नाहीत. अंडी घालायचा काळ ना माशांचा. ऑगस्टात आला असतात तर..." मग माझं तोंड बघून त्यांनी धीर दिला, "कुळथाचं पिठलं आहे."

मी मनात हिशेब केला. देवांना चार महिने. माशांना सरकारी नियमाने 61 दिवस. आणि मला पंचांग, जीएसटी आणि डॉक्टर असे तिघे मिळून आठ. अकरा वर्षांनी मी ज्या दिवसांत सुट्टी घेतली होती, नेमक्या त्याच दिवसांत माझ्याआधी बाकी सगळी सृष्टी सुट्टीवर गेली होती. आंबा संपला होता, फणस सडून पडला होता, नारळपाणी काढायला झाडावर चढणारा माणूस "पाऊस उघडल्यावर" चढणार होता. उघडा होता फक्त पाऊस.

रात्री वीज गेली. वीज गेल्यावर थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही गेली. हिने कंदिलाच्या उजेडात पुस्तक काढलं, दहा पानं वाचली आणि झोपली. मी जागा. कौलांवर पावसाचा आवाज चालू होता, अगदी आमच्या मशीनसारखा, ठेक्यात. मध्येच ठेका बदलला की मी दचकून उठायचो. वाटायचं, कागद अडकला.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी घ्यायची होती. मी प्रयत्न केला. सकाळी साडेसातला अंघोळ करून, केस विंचरून, झोपाळ्यावर बसलो आणि काहीही न करायला सुरुवात केली. सात चाळीसला ते संपलं. मग एका देवळात गेलो. पुजाऱ्यांनी अभिषेकाची पावती फाडली. ती सरळ फाटेना, कारण भोकांची रेघ पावतीच्या कडेला न जाता दातेरी सापासारखी मध्येच वळलेली. देवापुढे हात जोडून डोळे मिटले तर डोळ्यांसमोर भोकं. शेवटी त्यांना म्हटलं, "पन्नास पुस्तकं, दोन प्रतींत, नंबर घालून, कितीला पडली हो तुम्हाला?" पुजारीबुवांनी आकडा सांगितला आणि मला मोठ्याने हसू आलं, इतका तो जास्त होता. गाभाऱ्यात हसणाऱ्या माणसाबद्दल लोकांचं मत चांगलं होत नाही. ही माझ्यापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी हेदवीला जाऊन आलो. दशभुजा गणपतीचं दर्शन झालं, तिथवर सगळं ठीक. खाली समुद्राकाठी बामणघळ आहे. कातळात एक अरुंद चीर, भरतीची लाट तिच्यात घुसली की पाणी कारंज्यासारखं वर उडतं. काकांनी बजावलं होतं, पावसाळ्यात जवळ जायचं नाही, लांबून बघायचं. मी अगदी लांब उभा राहिलो. लांब उभा राहिलो कारण तिथे फोनवर एक काडी रेंज दिसत होती. ती काडी दोन होते का बघत हात उंच केला, आणि समुद्राने ती खूण म्हणून घेतली असावी. पाणी वर गेलं ते सगळ्यांनी पाहिलं, मी सोडून. वाऱ्याने ते वळलं आणि माझ्यावर पडलं. फोन दोन दिवस तांदळाच्या डब्यात होता. त्या भातालाही खारट चव लागली असं ही म्हणते. मला तसं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी फोन जिवंत झाला आणि मीही. प्रश्न फक्त रेंजचा. तो काकांच्या आईंनी सोडवला. वय नव्वदीच्या आसपास, बोलणं कमी. म्हणाल्या, "विहिरीच्या पलीकडे गडग्यावर चढून तिसऱ्या पोफळीला धरून उभं राहिलं की लागतो. आमचा नातू तिथूनच त्या मुलीशी बोलायचा." मग माझी उलटी झालेली छत्री बघून आतून इरलं आणून दिलं. हे इरलं पानांचं, होडी उपडी घातल्यासारखं, डोक्यापासून कमरेपर्यंत येणारं. शेतात वाकून लावणी करणाऱ्याला ते सोयीचं असतं. गडग्यावर उभ्या राहिलेल्या छापखानेवाल्याला नसतं. जांभ्या दगडांचा तो बांध शेवाळाने हिरवागार झालेला, मी एका हाताने पोफळीला मिठी मारलेली, दुसऱ्या हातात फोन, डोक्यावर उपडी होडी. वाडीतून जाणाऱ्या एका म्हशीने थांबून पाहिलं.

फोन लागला. डीटीपी करणारी मुलगी नवीन, तीन आठवड्यांपूर्वी लागलेली. कामसू. तिला मी पहिल्याच दिवशी आमच्या धंद्याचा मूलमंत्र दिला होता: मजकूर गिऱ्हाइकाचा असतो, आपण हमाल, वाचून हसायचं नाही, वाचून रडायचं नाही, जसा आहे तसा छापायचा.

"सर, ते घाईचं पाकीट... प्रूफ पाठवलंय, बघितलंत का?"

मी बघितलं. पडद्यावर एक गोल चक्र फिरत होतं. ते फिरतच राहिलं.

"कुठलं पाकीट?"

"ते... खर्रर्र... हजार प्रती... खर्रर्र... घाई लिहिलंय तुमच्या अक्षरात."

माझ्या अक्षरात घाई! आणि आज पाचवा दिवस! रक्तदाब कुठे गेला असेल ते मला कानांत कळलं.

"मग अजून काय करताय?"

"सर, एका बाजूला मुंज आहे आणि दुसऱ्या बाजूला... खर्रर्र... कुठली घेऊ?"

"अगं मुंज मेमध्येच झाली! दुसरी घे!"

"पण सर, दुसऱ्या बाजूचा मजकूर जरा..."

"मजकूर कुणाचा असतो?"

"गिऱ्हाइकाचा."

"आपण कोण?"

"हमाल."

"मग छाप!"

छाती भरून आली. दोनशे-अडीचशे किलोमीटरांवरून, पावसात, गडग्यावर उभा राहून मी छापखाना चालवला होता. त्या आनंदात मी पोफळीचा हात सोडला.

इरल्यासकट मी अळूच्या वाफ्यात उतरलो. लागलं तसं फार नाही, घोटा मुरगळला. पण काकांनी आणि आणखी एकाने मिळून मला उचलून आणलं तेव्हा इरलं काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि पडवीत पुस्तक वाचत बसलेल्या हिला आधी वाटलं की मंडळी कासव घेऊन आली आहेत.

आजींनी घोट्याला आंबेहळदीचा लेप घातला. पुढचे तीन दिवस मी झोपाळ्यावर. फोनची बॅटरी संपली, वीज येऊन-जाऊन. काय सांगू, पहिला दिवस वाईट गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कौलांच्या पागोळ्या मोजल्या. झोपाळ्यावरून 42 दिसत होत्या. मग त्यांतली डावीकडून नववी बाकीच्यांपेक्षा जरा सावकाश पडते असं ध्यानात आलं आणि मी तिच्यावर लक्ष ठेवून राहिलो. केव्हातरी डोळा लागला. जाग आली तेव्हा कंदील लागला होता, ही समोर बसून फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत होती, आणि मी पाच तास झोपलो होतो. एक आठळी तिने मला दिली. आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं, आणि ते बरं वाटत होतं.

निघताना काकांनी फळ्याकडे बोट दाखवलं. मी लाल पेनाने केलेल्या तिन्ही दुरुस्त्या पावसाने धुऊन नेल्या होत्या. म्हणाले, "एवढं येतं तुम्हाला, तर पाचशे व्हिजिटिंग कार्डं करून पाठवा की." मी भाव सांगितला. त्यांनी घासाघीस केली. शेवटी निम्मे पैसे आणि पंचवीस नारळ असा सौदा ठरला. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.

20 तारखेला सकाळी लंगडत छापखान्यात शिरलो. दारातच रद्दीवाला भेटला. म्हणाला, "शेठ, दूध आलं का?" मला काही कळलं नाही. आत टेबलावर माल रचून ठेवलेला होता, दोन घड्या घातलेला, कडा अगदी सरळ, शाई सगळीकडे सारखी, एवढं स्वच्छ काम आमच्याकडून क्वचितच होतं. मी एक प्रत उलगडली. वर, ठळक टाइपात, मध्ये घेतलेलं शीर्षक: 'सूचना'. खाली 31 कलमं. मुलीने माझ्या शुद्धलेखनाच्या एकोणीस चुकाही दुरुस्त केल्या होत्या.

"बाकीच्या कुठे आहेत?"

"सर, 600 पोच केल्या. पाकिटावर लिहिलं होतं ना, माल पोच करणे. पावसामुळे स्कूटरवर तेवढ्याच बसल्या."

"कुठे पोच केल्या?"

तिने चलन दाखवलं. केटररसाहेबांचा शिक्का, सही, 'माल मिळाला'.

आता केटररसाहेबांचं ते जुनं काम काय होतं, तर आठवड्याच्या डब्याचा मेन्यू. तो ते दोन घड्या घालून गिऱ्हाइकांच्या डब्यांत ठेवत. त्यांच्याकडच्या पोरांनी गठ्ठा सोडला, घड्या बघितल्या आणि नेहमीप्रमाणे दोनशे डब्यांत दोनशे प्रती घातल्या. वाचलं कुणी नाही, कारण मेन्यू कोण वाचतो? वाचलं डबे खाणाऱ्यांनी. पोळीभाजीबरोबर माझ्या छापखान्यातलं चहाचं धोरण, उचलीचं धोरण आणि बँकेत जाण्याचं धोरण सबंध पेठेत घरोघर पोचलं. अजूनही बँकेच्या रांगेत उभा असलो की मागून कुणीतरी विचारतं, "आज खरंच आलात?"

केटररसाहेब दुपारी स्वतः आले. मी उठलो, बसा म्हटलं, पाणी दिलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कलम 28 शब्दशः पाळतोय. ते पाणी प्याले, खिशातून 18,400 रुपयांचा चेक काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता तरी चहा सांगाल ना?"

ही संध्याकाळी नारळ द्यायला आली होती. एक प्रत घेऊन स्टुलावर बसली आणि पहिल्यापासून वाचायला लागली. मी शाईचे डबे मोजू लागलो. कलम 31 ला ती थांबली.

"बँक आपली पाचला बंद होते ना?"

मी डबे परत मोजले.

राहता राहिले मशीनमनकाका. 28 वर्षं आमच्याकडे आहेत. ते छापतात, वाचत नाहीत, असं मी गेली कित्येक वर्षं अभिमानाने सांगत आलोय. पण मशीनच्या तोंडाशी उभं राहून एकच कागद हजार वेळा डोळ्यांसमोरून जातो, तेव्हा सातवं कलम न वाचणं अवघड असावं. ते काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून दुपारी साडेचारला चहावाल्याला हाक मारून तिसरा चहा सांगतात, मला न विचारता, आणि एक कप माझ्यापुढे आणून ठेवतात. मी पितो. त्यांची थोरली नात बारावीला आहे. मुलीचं लग्न दोनदा झालं नव्हतं, दुसऱ्या वेळची उचल तिच्या बाळंतपणाची होती, वहीत लिहिताना मीच चुकीचं लिहिलं होतं. हे मला डीटीपीवाल्या मुलीने सांगितलं.

डॉक्टरांकडे परत गेलो तेव्हा आकडा 140 आला. ते खूश झाले, म्हणाले, दर वर्षी जात जा.

पन्नासेक प्रती वाण्याच्या याद्यांत गेल्या. उरलेल्या साडेतीनशे आमच्या माळ्यावर आहेत. हा लेखही त्यांच्याच पाठीवर लिहिलाय, अकरा प्रती लागल्या. कागद चांगला आहे, 70 जीएसएम मॅपलिथो, शाई फुटत नाही, मागची बाजू कोरी करकरीत. तुमच्याकडे लागत असतील तर घेऊन जा, पैसे नकोत. साडेचारच्या सुमाराला या, म्हणजे चहाही होईल.